‘नऊ दिवस घरी बसवलं, मशीन चाललं पाच मिनिटं’: रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

वडिलांच्या घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन (किरणांचा उपचार) द्यायला डोकं-मान स्थिर ठेवणारा मास्क बनवून सीटी स्कॅन झाला, मग नऊ दिवस घरी बसवलं, आता मशीन रोज पाचच मिनिटं चालतं आणि एकदा ते बंद असताना साधा फोनही आला नाही, असं तुम्ही लिहिलंत. वडिलांच्या फाइलमधलं इथे काही लिहिणार नाही.

फोनची चूक पूर्णपणे आमची. पहाटेच्या एसटीने आजारी माणसाला आणायचं आणि दारातून परतायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. माफी मागतो. घशाच्या कॅन्सरमध्ये खाडा पडला की गाठीतल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. म्हणून बुडालेला शेक, म्हणजे रेडिएशनचा त्या दिवसाचा डोस, शनिवारी भरून काढतो. तुम्हाला शनिवारी का बोलावलं, हेही कोणी सांगितलं नसणार.

नऊ दिवसांपैकी दोन आमच्या रांगेत गेले, हे मान्य. बाकीचे दिवस मात्र उपचाराचेच होते. सीटीच्या प्रत्येक कापावर, म्हणजे शरीराच्या एकेका थराच्या चित्रावर, आम्ही डॉक्टर गाठ, मानेतल्या लिम्फ नोड्सच्या जागा, मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा हे सगळं रेखाटत बसतो. अशा गाठीला साधारणपणे 35 शेकांत 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) द्यायचे असतात आणि तिथून काही सेंटिमीटरवरच्या मज्जारज्जूला 45 च्या आसपास थांबवायचं असतं. लाळग्रंथीला सरासरी 26 च्या आत ठेवता आलं, तर पुढे तोंड कमी कोरडं पडतं, भाकरीचा घास गिळता येतो. हे जमेपर्यंत फिजिसिस्ट, म्हणजे किरणांच्या डोसचं गणित करणारे तज्ज्ञ, प्लॅन पुन्हा पुन्हा करतात. मग तोच प्लॅन टेबलावर पेशंट नसताना मशीनवर चालवून डोस मोजतात. आकडे जुळले नाहीत तर मी शेक सुरू करू देत नाही. यातला एकही दिवस मी कमी करणार नाही.

ती पाच मिनिटं या कामामुळेच पुरतात. त्याआधी रोज टेबलावर स्कॅन करून जागा मिलिमीटरमध्ये जुळवली जाते.

मशीन बंद असेल तर आता सकाळी सहाच्या आत फोन येईल. ती जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी दिली आहे.

एक विनंती. तुमचा चौथा आठवडा चालू आहे असं लिहिलंत. गिळताना दुखून जेवण कमी झालं की वजन उतरतं आणि मास्क सैल होतो. तसं वाटलं तर टेबलावर झोपायच्या आधीच टेक्निशियनला सांगा. गरज पडली तर नवा सीटी काढून प्लॅन पुन्हा करू.

संचालक व रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट