मार्लो गुत्त्यात मेला नाही

भाची इंग्रजी घेऊन एम.ए. करते. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मजकूर दाखवून म्हणाली, "मामा, सेमिनारची सुरुवात यानेच करते." मजकूर असा: शेक्सपिअरच्या काळातला इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लो गुत्त्यात दारू पिऊन एका बाईवरून भांडला, डोळ्यात सुरा घुसला आणि देवाला शिव्या घालत तडफडून मेला. खाली शेपूट: काहींच्या मते तो मेलाच नाही, लपून शेक्सपिअरची नाटकं लिहीत राहिला.

मार्लोच्या मृत्युचौकशीचा मूळ लॅटिन कागद लेस्ली हॉटसन या संशोधकाने शोधून १९२५ साली छापला. शंभर वर्षं झाली, तरी हेच चालू! कागद सांगतो: ३० मे १५९३, लंडनजवळचं डेप्टफर्ड, एलिनॉर बुल या विधवेचं घर. सकाळी दहाला मार्लोसह चौघे जमले, जेवले, बागेत फिरले, सहाला पुन्हा जेवले. भांडण झालं ते जेवणाच्या हिशेबावरून. बाई नाहीच. ती आणली फ्रान्सिस मेरेस या लेखकाने, १५९८ मध्ये.

मला खरा राग आहे तो शिव्यांच्या गोष्टीचा. ती थॉमस बियर्ड या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, धर्मोपदेशकाची, १५९७ ची. त्याच्या पुस्तकाच्या नावातच देवाच्या न्यायाचं 'नाट्यगृह' आहे, आणि मरणही त्याने तसंच रंगवलं: लंडनचा रस्ता, मार्लोची स्वतःचीच कट्यार त्याच्याच डोक्यात, शेवटच्या श्वासापर्यंत देवनिंदा. ज्या हाताने पाखंड लिहिलं त्याच हाताला देवाने शिक्षा करायला लावली, हे त्याला ठसवायचं होतं. चौकशीच्या कागदात रस्ता नाही, कट्यार त्या चौघांतल्या इंग्राम फ्रायझरची आहे आणि मारणाराही तोच, घाव उजव्या डोळ्याच्या वर, दोन इंच खोल, आणि मृत्यू तत्क्षणी. कट्यारीची किंमत बारा पेन्स, एवढंही त्यात लिहिलंय. शेवटचे शब्द मात्र नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसाच्या मरणावर कोणीतरी प्रवचन झोडलं आणि आपण ते चरित्र म्हणून मुलांच्या हाती देतो.

मार्लो शांत होता असं मी म्हणत नाही. १५८९ च्या एका मारामारीत माणूस मेला, तेव्हा तोही तुरुंगात गेला होता. डेप्टफर्डलाही आधी वार त्यानेच केला, असं कागद म्हणतो. पण ते सांगणारे त्या खोलीतलेच, आणि त्यांतला रॉबर्ट पोली सरकारी हेर. फ्रायझरला महिन्याभरात माफीही मिळाली. शंका घ्यायची तर इथे घ्या.

लपून बसल्याच्या गोष्टीला दोन ओळी पुरेत. मृत्युचौकशीच्या सोळा पंचांनी प्रेत पाहिलं आणि १ जूनला ते डेप्टफर्डच्याच सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरलं गेलं.

भाचीला त्या कागदाचं इंग्रजी भाषांतर पाठवलंय. सेमिनार शुक्रवारी आहे.