हुशारी आणि नागरिकत्व एकाच तासाला घडतं

“आधी अभ्यास नीट होऊ दे, बाकीचं मग बघू.” पालकसभेत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज त्यावर सविस्तर लिहायला बसले. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पोर स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही काळजी त्यामागे असते. पण अभ्यास वेगळा आणि चांगला नागरिक होणं वेगळं, असं त्यात धरून चाललेलं असतं. पहिल्याला रोजचे सगळे तास आणि दुसऱ्याला नागरिकशास्त्राचं पातळसं पुस्तक! मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय, की मुलाची कुवत ज्या गोष्टींनी फुलते, नेमक्या त्याच गोष्टींनी ते चांगला नागरिक होतं. आपल्या म्हणण्याची कुणाला तरी गरज आहे आणि आपल्यालाही दुसऱ्याच्या म्हणण्याची गरज आहे, हे त्याला वर्गात रोज कळावं लागतं.

यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. १९७१ साल, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ऑस्टिन शहर. शाळांमधला वर्णभेद मोडला आणि गोरी, कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली. बाकं एक झाली, मनं झाली नाहीत. तणाव मारामाऱ्यांपर्यंत गेला, तेव्हा एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली गेली. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी वर्गात मागे बसून नुसतं पाहिलं. बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात झपकन वर जातात, बाकीची मुलं नजर चुकवतात. एकाला संधी मिळते, उरलेल्यांचे चेहरे पडतात. त्याचं उत्तर चुकलं की तेच हात आनंदाने पुन्हा वर! म्हणजे शेजारच्याचं चुकणं हाच आपला फायदा. हे आपल्या ओळखीचं आहे की नाही?

अॅरन्सनने भाषणं दिली नाहीत, सुविचारही लावले नाहीत. त्याने धडा कापला. पाच-सहा जणांचे मिश्र गट केले, प्रत्येकाला धड्याचा एकेक तुकडा दिला आणि सांगितलं, परीक्षा सगळ्या धड्यावर होईल. आपला तुकडा आपण वाचायचा आणि बाकीच्यांना समजावून सांगायचा. दुसऱ्याचा तुकडा त्याच्याच तोंडून ऐकायचा, दुसरा मार्ग नाही.

एका गटात एक मुलगा होता. अॅरन्सनने नाव बदलून त्याला कार्लोस म्हटलंय. घरची भाषा स्पॅनिश, वर्गात कायम गप्प. शिक्षिकाही त्याला संकोच नको म्हणून काही विचारत नसत. (हा दयाळूपणा मुलांचं फार नुकसान करतो, हे मी पाहिलंय.) त्याच्या वाट्याला वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झरच्या आयुष्याचा एक भाग आला होता. सांगायला लागला तर अडखळला आणि बाकीची मुलं त्याची टर उडवू लागली. गटाकडे लक्ष ठेवणाऱ्या सहायिकेने त्यांना ना रागावलं, ना उपदेश केला. थट्टा हवी तर करा, पण त्यातून तुम्हाला पुलित्झर कळणार नाही आणि परीक्षा तर जवळ आलीये, एवढंच सुचवलं. एका दिवसात जादू झाली नाही. पण हळूहळू ती मुलं नीट प्रश्न विचारायला शिकली. त्याला धीर येईल, मनातलं बाहेर निघेल असे प्रश्न. कार्लोस मोकळा होत गेला, बोलू लागला आणि हा मठ्ठ नाही, हे मुलांच्या लक्षात आलं. अशा वर्गांमध्ये एकूणच मुलांमधला दुरावा कमी झाला आणि मागे पडलेल्या मुलांचे गुणही सुधारले.

आता मला सांगा, यातला अभ्यास किती आणि नागरिकशास्त्र किती, हे वेगळं काढता येईल? कार्लोसची कुवत वर आली ती बाकीची मुलं ऐकायला शिकली म्हणून. आणि ती ऐकायला शिकली ती कार्लोसशिवाय त्यांचा धडा पूर्ण होत नव्हता म्हणून.

लहान मुलांच्या बाबतीतही मला असंच दिसतं. अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्तम बालवाडी मिळाली, दुसऱ्याला नाही. तिथे मूल आज काय करणार ते आधी स्वतः ठरवायचं, मग करायचं आणि शेवटी काय केलं ते इतरांना सांगायचं. बुद्ध्यंक सुरुवातीला वाढला, पण काही वर्षांत तो फायदा विरून गेला. तेवढ्यावरच थांबले असते तर प्रयोग फसला असं म्हणाले असते. पण संशोधक त्या मुलांच्या मागावर चाळिशीपर्यंत राहिले. बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली होती, त्यांची कमाई जास्त होती आणि त्यांना अटक होण्याचं प्रमाण कमी होतं. अभ्यास छोटा आहे, त्यावर वादही झालेत. तरीही गुणपत्रिकेत न मावणारं काहीतरी त्या मुलांबरोबर आयुष्यभर राहिलं, असं मला वाटतं. ठरवणं, करणं आणि केल्याचा हिशेब देणं, हेच पुढे माणसाला कामात उपयोगी पडतं आणि समाजातही.

यासाठी खास पैसा लागतोच असं नाही. मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांब झाली, “माहीत नाही” कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. मी हे वर्गात करते. ते तीन सेकंद फार लांब वाटतात, पहिल्या बाकावरची मुलं चुळबुळतात, पण मागून एखादा दबका आवाज येतो तो त्याच शांततेत.

“मग अभ्यासक्रम कधी संपवायचा?” हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. ज्ञान सोडा आणि नुसत्या चर्चा करा, असं मी मुळीच म्हणत नाही. ज्याला टक्केवारी कळत नाही त्याला आकडे दाखवून कुणीही गंडवतं. इतिहास माहीत नसलेल्याच्या गळी काहीही उतरवता येतं. पण नुसतं सांगून संपवलेला धडा मुलांपर्यंत पोचलेला नसतो, हे प्रत्येक शिक्षकाला मनातून ठाऊक असतं. आठवीच्या मुलांच्या नागरी ज्ञानाचा २००९ साली ३८ देशांत अभ्यास झाला. वर्गात मोकळेपणी मत मांडता येतं असं सांगणाऱ्या मुलांना राज्यकारभाराची माहितीही साधारणपणे जास्त होती.

मात्र खोट्या अधिकारांचा मला राग येतो. विद्यार्थी परिषद निवडायची आणि तिला स्नेहसंमेलनाच्या पडद्याचा रंग ठरवू द्यायचा, याने मुलं एवढंच शिकतात की मतदान हा देखावा असतो. पोर्तुगालने २०१७ पासून सरकारी शाळांमध्ये सातवी आणि पुढच्या मुलांना शाळेचा थोडासा निधी कशावर खर्च करायचा हे ठरवायला दिलं. रक्कम छोटी, पण खरी. मुलं प्रस्ताव मांडतात, पाठिंबा मिळवतात, प्रचार करतात, मतदान करतात. हरलेला प्रस्ताव हरतो आणि जिंकलेल्याची वस्तू शाळेत येते. खर्चाचा अंदाज काढताना गणित, लोकांना पटवताना भाषा आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच मुलांबरोबर बसणं, हे सगळं एकाच कामात.

येत्या सत्रात मी निदान काही धडे तुकडे करूनच शिकवणार आहे. जे शिक्षक हे आधीपासून करतात त्यांना एक विचारायचंय. गटातली दोन चटपटीत मुलं तिसऱ्याचा तुकडा त्याच्या हातातून घेऊन स्वतःच वाचून टाकतात, तेव्हा तुम्ही काय करता? सविस्तर लिहा, मला खरंच हवंय.