झेडपी प्रशाला बंद करा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

गेल्या आठवड्यापासून तोच मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. थोडक्यात मजकूर असा, की आपल्या तालुक्याच्या झेडपी प्रशालेचा पट दहा वर्षांत निम्म्यावर आला, सरकार तिथे एका पोरामागे वर्षाला सव्वा लाख घालतंय, समोरच्या इंग्लिश मीडियमची फी पंचवीस हजार, आणि एवढं करून दहावीचा निकाल 2021 च्या शंभर टक्क्यांवरून घसरतच चाललाय, तेव्हा शाळा बंद करून पोरांना सरळ प्रायव्हेटमध्ये घाला. खाली हात जोडलेले इमोजी आणि "सहमत असाल तर पुढे पाठवा".

मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत दोन टर्म होतो, पोरगी तिथूनच दहावी झाली, म्हणजे मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. शाळा लय भारी आहे असंही माझं म्हणणं नाही, त्यावर शेवटी बोलतो. पण हे तीन आकडे ज्या पद्धतीने एकाला एक चिकटवलेत ते बघून राहवलं नाही.

आधी पट घेऊ. पट म्हणजे शाळेतल्या पोरांची संख्या, पण ती कशी मोजतात हेच मुळात लोकांना माहीत नसतं. दहा वर्षांपूर्वीचा पट हा रजिस्टरवरचा पट होता, आजचा पट आधार व्हॅलिड झालेल्या पोरांचा आहे. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली होती आठवतंय का, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून मोजलं होतं, आणि 1404 शाळांत निम्म्याहून जास्त पोरं जागेवरच सापडली नव्हती. म्हणजे जुने आकडे किती फुगलेले असायचे ते सरकारलाच कळलं होतं. नंतर सरल ही राज्याची ऑनलाइन नोंद आली, आधार आलं, आणि देशपातळीवर यू-डायस या केंद्राच्या शाळांच्या नोंदणीत एकेका पोराची वेगळी नोंद सुरू झाली, तर 2021-22 ला जे 26.5 कोटी विद्यार्थी दिसत होते ते 2023-24 ला 24.8 कोटी झाले. मंत्रालयाने स्वतःच सांगितलं की मोजायची पद्धत बदललीये, आधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नका. देशाची तुलना करता येत नाही आणि आमच्या गावची करता येते होय?

त्यात आपला जिल्हा बीड. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात, साखर कारखान्याच्या गाड्या भरतात, आणि आठवी-नववीच्या वर्गातली मागची बाकं रिकामी होतात, ती थेट पाडव्याच्या आगेमागे भरतात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती मास्तर मिळणार ते ठरणं, होते 30 सप्टेंबरच्या पटावर. म्हणजे सप्टेंबरात मोजलं तर शाळा भरलेली, जानेवारीत जाऊन व्हिडिओ काढला तर ओस. मेसेजमध्ये जो रिकाम्या वर्गाचा फोटो आहे ना, त्यात फळ्यावर कोपऱ्यात तारीख लिहिलेली आहे, झूम करून बघा, जानेवारीचीच आहे. हजेरीपटावर त्या पोरांच्या नावापुढे लाल गैरहजेऱ्यांची रांग असते, नाव काही कुणी कमी करत नाही, करूही नये, कारण नाव कमी केलं की ते पोरगं परत येतच नाही.

आणि हो, पोरंच कमी जन्माला येतायत. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी पोरं, 1.9 वरून 1.7 वर आलाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या शेवटच्या दोन फेऱ्यांच्या मधे. पट खरंच कमी झालाय, ते मी नाकारत नाही, काही पोरं प्रायव्हेटला गेलीतच. पण निम्मा हा आकडा सगळाच्या सगळा पालकांनी शाळा सोडल्याचा नाहीये.

आता पैसा, इथे तर कमालच केलीये. आमची प्रशाला पाचवी ते दहावी आहे. मेसेजवाल्याने खर्च घेतलाय अख्ख्या शाळेचा आणि भागलाय फक्त नववी-दहावीच्या पोरांनी, कारण मेसेजचं हेडिंगच "हायस्कूलचा खर्च" असं आहे ना! समजा पगाराचा वर्षाचा खर्च एक कोटी धरला, शाळेत एकूण पोरं 250, त्यातली नववी-दहावीची 80. कोटीला 80 ने भागा, बरोबर सव्वा लाख येतात. 250 ने भागा, 40 हजार येतात. अहो पाचवी ते आठवीची पोरं काय हवेत शिकतात का?

बरं हा 40 हजारही चांगल्या-वाईटाचं माप नाही. अनुदान म्हणजे नव्वद-पंच्याण्णव टक्के पगार, आणि पगार ठरतो मास्तर किती सिनियर आहे त्यावर. नवीन लागलेला शिक्षणसेवक माध्यमिकला महिन्याला 18,000 मानधनावर तीन वर्षं काढतो, त्यानंतर 38,600 च्या मूळ पगारावर जातो, आणि रिटायरमेंटला आलेले सर महागाई भत्ता धरून लाखाच्या पुढे असतात. म्हणजे ज्या शाळेत सगळे मास्तर पंचावन्नच्या पुढचे ती कागदावर महाग, आणि जिथे चार जागा रिकाम्या ती एकदम स्वस्त आणि मस्त. 2012 नंतर कितीतरी वर्षं भरतीच बंद होती, नंतर शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं तेही कासवाच्या चालीने, त्यामुळे रिकाम्या जागा हा काही आमच्याच शाळेचा गुण नाही. आमच्याकडे गणिताची जागा दोन वर्षं रिकामी होती, भूगोलाचे सर गणित शिकवायचे. त्या दोन वर्षांत आमचा दरडोई खर्च नक्कीच छान कमी दिसला असणार!

शाळेच्या हातात प्रत्यक्ष किती येतात तेही सांगतो. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून 101 ते 250 पटाच्या शाळेला संयुक्त अनुदान 50,000 रुपये, वर्षाचे, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात खडू, लाईट बिल, स्टेशनरी, प्रयोगशाळेतलं फुटलेलं सामान, पाण्याचा फिल्टर. एका वर्षी मोटर जळाली आणि समितीच्या मीटिंगमध्ये दीड तास त्या मोटरवरच चर्चा झाली, शेवटी वर्गणी काढली. सव्वा लाख म्हणे.

समोरच्या शाळेची पंचवीस हजार फी ही फी आहे, खर्च नाही. व्हॅन वेगळी, पुस्तकं-युनिफॉर्म त्यांच्याच दुकानातून, आणि संध्याकाळी ट्युशन लागतेच. शिवाय तिथल्या मॅडमचा पगार विचारा एकदा, मग स्वस्त का पडतं ते कळेल. झेडपीतलं पोरगं आठवीपर्यंत दुपारी खिचडी खातं, पुस्तकं फुकट घेतं, आणि त्याला प्रवेश देताना कुणी त्याच्या आईची मुलाखत घेत नाही.

निकालाचं तर विचारूच नका. 2021 चा शंभर टक्के? त्या वर्षी परीक्षाच झाली नाही हो! कोरोनात नववीचे 50 मार्क आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यावर पास केलं, राज्याचा निकाल 99.95 टक्के. तिथून मोजायला सुरुवात केली तर जगातली कुठलीही शाळा घसरलेलीच दिसणार. राज्याचेच आकडे बघा, 2018 ला 89.41, 2019 ला भाषांच्या तोंडीचे 20 मार्क काढले तर धाडकन 77.10, पुढच्या वर्षी ते परत दिले तर 95.30. एका वर्षात अठरा टक्क्यांनी पोरं हुशार झाली का? 2022 ला आपापल्याच शाळेत सेंटर आणि पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी, 96.94. 2023 ला पूर्ण अभ्यासक्रम, 93.83. म्हणजे वर्षावर्षाची तुलना करायची तर राज्याच्या निकालाच्या वरखाली किती ते बघायला पाहिजे, नुसती शाळेची टक्केवारी बघून काही कळत नाही. आणि दहावीला पंचवीसच पोरं बसली असतील तर एक नापास म्हणजे चार टक्के, एका पोराला परीक्षेच्या वेळी कावीळ झाली की शाळेची "घसरण" तयार.

यात खरी गंमत वेगळीच आहे आणि ती मेसेजवाल्याला माहीतच नाही. शंभर टक्के निकाल लावायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कच्च्या पोराला दहावीत येऊच द्यायचं नाही. नववीत बसवायचं, नाहीतर पालकांना बोलावून गोड बोलून सांगायचं, "त्याचा 17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा". 17 नंबरवाला खाजगी विद्यार्थी म्हणून मोजला जातो, शाळेच्या निकालात तो येतच नाही. फ्लेक्सवर शंभर टक्के. माझ्या भावकीतलं एक पोरगं असंच एका नामांकित शाळेतून, नाव घेत नाही, नववीनंतर आमच्या प्रशालेत आलं, आणि नापास झालं ते आमच्या खात्यावर. त्या शाळेचा त्या वर्षीचा फ्लेक्स अजून एसटी स्टँडसमोर आहे.

आता शाळेत काय चुकतंय ते. विज्ञानाची प्रयोगशाळा वर्षातून चार-पाच वेळाच उघडते, हे मी डोळ्याने बघितलंय. आठवीत आलेल्या काही पोरांना भागाकार येत नाही आणि नववीत त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो, कारण निम्मे मास्तर मतदार यादी नाहीतर कुठल्यातरी ऑनलाइन माहितीत अडकलेले. दोन सर तर फक्त सही करायला येतात म्हटलं तरी चालेल. यावर कुणी मेसेज लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.

शाळा तपासायचीच असेल तर आठवीचं रजिस्टर काढा, त्यातली नावं धरून बघा दोन वर्षांनी त्यातली किती दहावीला बसली, किती पास झाली, बाकीची कुठे गेली, ऊसतोडीला की लग्न होऊन की दुसऱ्या शाळेत. समोरच्या शाळेचंही तसंच काढा. मी हेडमास्तरांशी बोललोय, सोमवारी ते 2022-23 चं आठवीचं रजिस्टर दाखवणारेत. ज्या भाऊंनी मेसेज टाकलाय त्यांनी साडेदहाला गेटवर यावं, मोजायला दोन माणसं लागतील.