‘घरी न्या’ म्हणताना सोबत काय दिलं?

सन्मानाने मरण्याच्या हक्काचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा थेट सर्वोच्च न्यायालयात जाते. २०११चा अरुणा शानबाग निकाल, २०१८चा लिव्हिंग विलचा (बरं होण्याची आशा नसेल तर उपचार थांबवा, अशी आधीच लिहून ठेवलेली इच्छा) निकाल, मग जानेवारी २०२३मध्ये सैल झालेल्या अटी. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ साली स्वतःचं लिव्हिंग विल केलं. चांगलंच झालं.

पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घरांवर जी वेळ येते, ती निराळी असते. पेशंटला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात किंवा कोल्हापूरला हलवलेलं, आयसीयूचं बिल चढत चाललेलं, आणि डॉक्टर हळूच म्हणतात, ‘आता घरी न्या.’ केसपेपरवर ‘डामा’ असा शेरा पडतो, म्हणजे नातेवाइकांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेलं. सल्ला डॉक्टरांचाच, सही मात्र मुलाची. उपचार रीतसर थांबवायचे तर दोन वैद्यकीय मंडळं बसवावी लागतात आणि दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्यापेक्षा हे सोपं. अँब्युलन्स घाट उतरते तेव्हा पिशवीत असतात एक्स-रे, रिपोर्ट आणि बिलं. वेदनेवर एक गोळी नसते.

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये असा पेशंट घरी येतो तेव्हा बहुतेकदा औषधांचा एक डबा आधीच घरी पोचलेला असतो. त्यात चार तक्रारींवरची इंजेक्शनं: दुखणं आणि धाप यांसाठी मॉर्फिन, तगमगीसाठी मिडाझोलॅम, मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीसाठी हायोसिन. सोबत डॉक्टरांनी डोस लिहून सही केलेला कागद. गरज पडली की नर्स येऊन त्वचेखाली इंजेक्शन देते. गिळता येईना झालं तर बॅटरीवरचा छोटा पंप तेच औषध चोवीस तास थेंबाथेंबाने सोडतो. यात भारतात मिळणार नाही असं औषध एकही नाही. मिळत नाही ती रात्री दोनला फोन उचलणारी नर्स.

मॉर्फिनबद्दलची भीती वेगळीच. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवणं बरंच सुलभ झालं. तरीही ‘ते दिलं की माणूस जातो’ हे घरोघर ऐकू येतं. सुरुवात तोंडातून अडीच ते पाच मिलिग्रॅमने, दर चार तासांनी. वृद्ध माणसाला किंवा किडनी कमजोर असेल तर डोस कमी आणि अंतर जास्त. डोस डॉक्टरच ठरवणार, पण घड्याळ घरच्यांनी पाळायचं. कळ आल्यावर गोळी शोधायची नाही, कळ यायच्या आधी द्यायची. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. बद्धकोष्ठ होऊन पोट फुगतं, आणि मग मॉर्फिनला बोल लावून ते बंद केलं जातं.

कोकणात सगळ्यांत जास्त चूक होते ती पेजेच्या वाटीशी. शुद्ध हरपत आलेल्या माणसाला चमच्याने पेज भरवली तर ती फुप्फुसात जाते. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मरते. न खाल्ल्याने तो जात नसतो, जात असतो म्हणून खात नाही. सलाइनचा हट्टही बहुधा नडतो, पायाला सूज आणि छातीत पाणी. पाणी मागितलं, गिळता येत असलं, तर डोकं उचलून घोटभर द्यावं. नाहीतर दर दोन तासांनी ओल्या कापसाने ओठ-जीभ पुसावी. गंगाजळाचा थेंबही असाच ओठांवर. घरघर लागली की कुशीवर वळवावं. ऐकणाऱ्याला ती जेवढी असह्य होते, तेवढी त्याला होत नसते.

इथलं, ब्रिटनमधलं सगळं आदर्श आहे असं नाही. शेवटच्या दिवसांतल्या देखभालीची ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ नावाची पद्धत सगळीकडे लागू झाली, आणि काही वॉर्डांत घरच्यांशी न बोलताच रकाने भरले जाऊ लागले. पेशंटला पाण्याचा घोट नाकारल्याच्याही तक्रारी आल्या. २०१३च्या चौकशीनंतर ती मोडीत काढली. हॉस्पिसचा, म्हणजे अखेरच्या काळात पेशंटची काळजी घेणाऱ्या संस्थेचा, बराच खर्चही लोकवर्गणीवर चालतो. आणि इथे खाटेशेजारी बसायला माणूस नसतो. गावात तो असतो, बहुतेकदा सून. तिचं कौतुक सगळे करतात, तिला झोपू देणारं कोणी नसतं. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या तरी पुष्कळ.

म्हणून ‘घरी न्या’ ऐकल्यावर सही करण्याआधी चार गोष्टी मागाव्यात. डामाऐवजी रीतसर डिस्चार्ज, आणि त्यात ‘पुढे आरामासाठीचे उपचार’ असा शब्द. किमान आठवड्याची औषधं, डोस मराठीत लिहून. छाती दाबून पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न करू नये, असं बोलणं झालं असेल तर त्याची नोंद. आणि गावाजवळच्या अशा डॉक्टरचं नाव, जो घरी येईल आणि मृत्यूनंतर कारणाचा ४-अ नमुना भरून देईल. तो आधी गाठून ठेवला नाही तर घाबरून १०८ला फोन जातो आणि पुन्हा तोच आयसीयू. ग्रामपंचायतीत नोंदीला २१ दिवस असतात, पण डॉक्टरच्या दाखल्याची शोधाशोध त्याच पहाटे सुरू होते.