‘सीट उंच केली, आता हाताला मुंग्या येतात’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर. ‘फिटिंगचे पैसे घेतले आणि सीट एवढी उंच करून दिली की पाय टेकत नाहीत. गुडघा दुखायचा थांबला, पण करंगळीला मुंग्या येतात. सीटचं टोक खाली केलं तरी फरक नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. मुंग्या अंगावर काढू नका, त्यावर उपाय आहे. सीटची उंची मात्र कृपया कमी करू नका.

तुमच्या पायाचं आतलं माप, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, ८० सेंमी. त्याला ०.८८३ ने गुणलं की ७०.६ येतात, क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथून) सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढं अंतर लागतं. तुमची सीट ६७ वर होती. गुडघा दर फेऱ्याला जास्त दुमडायचा, म्हणून वाटीपाशी दुखायचं. आता टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या, पाय जेमतेम सरळ होईल. तळाचं पेडलसुद्धा जमिनीपासून ११ सेंमीच्या आसपास वर असतं, मग बसल्या जागी पाऊल जमिनीला पूर्ण टेकणार कसं? सिग्नलला सीटवरून पुढे उतरायचं आणि मग पाय टेकायचा.

आता हातांचं. सीट साडेतीन सेंमी वर गेली म्हणजे तिच्या मानाने हँडल तेवढंच खाली गेलं. हँडल वर घ्यायला तुम्ही त्या दिवशी नको म्हणालात, म्हणून ते हलवलं नाही. त्यात आता सीटचं टोक खाली झुकवलंत. अंग पुढे घसरतं, ते हातांनी थोपवावं लागतं, सगळा भार तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला येतो आणि तिथली नस दाबली जाते.

घरी एवढंच करा. सायकल सपाट फरशीवर उभी करा, सीटवर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून त्यावर मोबाईलचं लेव्हल ॲप लावा. सीटखालचा बोल्ट ॲलन कीने सैल करून शून्यावर आणा आणि घट्ट आवळा. ढिला राहिला तर पहिल्याच खड्ड्यात टोक पुन्हा खाली जाईल.

मग सायकल घेऊन या. हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा म्हणजे स्टेम, आणि तो वर उचलणाऱ्या कड्या म्हणजे स्पेसर. तुमचे स्पेसर आधीच सगळे स्टेमखाली आहेत, तिथे वाव नाही. स्टेम उलटा बसवला की हँडल सुमारे दोन सेंमी वर येईल. त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेक-गिअरच्या केबल ताणत नाहीत ना ते बघावं लागतं, म्हणून हे काम आमच्याकडेच करा. त्याचे पैसे घेणार नाही. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.