‘दात साफ केले की हलायला लागतात’ या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या पेठांच्या आणि तालमींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘डॉक्टरकडून दात साफ करून घेऊ नका, मशीननं दात झिजतात, हलायला लागतात. हिरडीतून रक्त आलं तर ब्रश बंद करा, मिसरी लावा. वय झालं की दात पडायचेच.’ हे खरं मानून माणसं चांगले दात गमावतात, म्हणून लिहितोय.

आधी हलण्याचं बघू. दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मधे बारीक तंतूंचा थर असतो, तो दात धरून ठेवतो. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. तो निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचं कीटण बनतं. मग हिरडी सुजते, आणि ही सूज खोल गेली की तंतू तुटतात, हाड झिजतं. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. रोगात ती ५-६ मिलिमीटरवर जाते, तिथं ब्रश पोचत नाही. दात हलतो तो हा आधार गेल्यामुळं. साफ केल्यावर ते जाणवतं, कारण शेजारच्या दातांना जखडून ठेवणारं कीटण निघालेलं असतं. फटीही त्यामुळंच दिसतात. काही दिवस गार पाणी झोंबतं, हे मात्र खरं. मशीनचं टोक कंपनानं कीटण फोडतं. नीट वापरलं तर दात झिजवत नाही.

रक्त येणं ही सुजेची खूण. सूज हिरडीपुरतीच असेल तर या टप्प्यावर सफाईनं हिरडी पूर्ण बरी होते. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही. अशा वेळी ब्रश बंद करणं म्हणजे रोगाला मोकळं रान देणं. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेला तिरका धरा, हलक्या हातानं फिरवा.

मिसरीचा सल्ला वाचून तर संताप येतो. आपल्याकडं कितीतरी घरांत आई-आजी तव्यावर तंबाखू भाजून ती लावत आल्या. तिनं रक्त कमी दिसतं, कारण निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजतच असतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

वयानं दात पडत नाहीत. वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेला रोग पाडतो. मधुमेह असेल तर हिरडीचा हा रोग झपाट्यानं वाढतो आणि उलट साखरही आवरत नाही, म्हणून दाताच्या डॉक्टरांना साखरेचं आधी सांगा. मटणाचा धागा रोज एकाच जागी अडकायला लागला तर तपासून घ्या. हलणारा प्रत्येक दात काढावाच लागतो असंही नाही. मुळाशी खोल सफाई करून सूज उतरली की काही दात पुन्हा बरेच घट्ट होतात.