स्वीडनने टॅब बंद केले, म्हणून आपण शाळेतला टीव्ही काढायचा?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज बराच काळ फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: स्वीडनने शाळांतून टॅब-संगणक हद्दपार करून पुस्तकं परत आणली, स्टीव्ह जॉब्सने स्वतःच्या मुलांना आयपॅड दिला नाही, हाताने लिहिलेलंच लक्षात राहतं हे सिद्ध झालंय, पडद्यावरून कोणी काही शिकत नाही, तेव्हा आपल्या शाळेतला डिजिटल वर्ग बंद करा. शेवटी हात जोडलेले इमोजी. मी दहावीला गणित शिकवते, माझ्या वर्गात टीव्हीही आहे आणि खडूही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी स्वीडन, कारण मेसेजचा सगळा भार त्याच्यावर आहे. 2023 मध्ये तिथल्या तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री लोटा एडहोल्म यांनी डिजिटल धोरणाला लगाम घातला, हे खरं. बालवाडीत डिजिटल साधनं सक्तीची करणारा निर्णय फिरवायचा आणि छापील पुस्तकांसाठी मोठा निधी द्यायचा, असं ठरलं. त्या वर्षीचा आकडा होता 68.5 कोटी क्रोनर. मुलांचं वाचन घसरतंय, ही चिंता त्यामागे होती. पण चौथीच्या मुलांचं वाचन तपासणाऱ्या पर्ल्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2016 ला 555 असलेले स्वीडनचे गुण 2021 ला 544 झाले, तरी ते युरोपच्या सरासरीच्या वरच होते. आणि मोठ्या वर्गांतले संगणक कोणी उचलून नेलेले नाहीत. तिथे तक्रार होती ती पुस्तकाची जागा टॅबने घेतल्याची. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक पहिली ते आठवीच्या सरकारी शाळांत मोफत मिळतं, दप्तरात असतं, पावसाळ्यात भिजतंसुद्धा. जे कधी गेलंच नाही ते परत कुठून आणायचं? अख्ख्या वर्गाला मिळून एक टीव्ही असलेल्या शाळेला दर मुलामागे एक टॅब असलेल्या देशाचं औषध लागू पडेलच असं नाही.

जॉब्सचा किस्सा न्यूयॉर्क टाइम्समध्ये 2014 साली छापून आला. जॉब्सचं म्हणणं होतं, घरी मुलं तंत्रज्ञान किती वापरतील याला आम्ही मर्यादा घालतो. घरी! वर्गाबद्दल त्यात चकार शब्द नाही. सिलिकॉन व्हॅलीतल्या ज्या बिनसंगणकाच्या वॉल्डॉर्फ शाळेचं नाव सोबत येतं, ती भरभक्कम फी घेणारी खासगी शाळा आहे आणि वरच्या वर्गांत तीही संगणक वापरते. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

हाताने लिहिण्याचं म्हणाल तर माझाही ओढा वहीकडेच आहे. पण ज्या अभ्यासाच्या जोरावर हे ‘सिद्ध’ म्हणून सांगितलं जातं, तो 2014 चा, अमेरिकन कॉलेजातल्या मुलांनी लॅपटॉपवर नोट्स घेण्याबद्दलचा. पुढे 2019 आणि 2021 मध्ये इतरांनी तो करून पाहिला, तेव्हा तितका ठळक फरक दिसला नाही. शिवाय वर्गात टीव्ही लागला म्हणून वही बंद करा, असं सांगितलंय कोणी?

आता खरा मुद्दा: पडद्यावरून कोणी काही शिकत नाही. हे अर्धवट खरं आहे, म्हणून जास्त फसवं. पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांमध्ये तपासलं, तर भाषा आणि गणित जागचं हललं नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे उदाहरण दिलं असतं तर मला उत्तर देताना घाम फुटला असता.

पण मग दिल्लीचं काय करायचं? 2015 मध्ये तिथल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी शाळेबाहेर ‘माइंडस्पार्क’ नावाच्या सॉफ्टवेअरची केंद्रं चालली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली आणि साडेचार महिन्यांनी तपासलं. गणितात 0.37 प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण एकमेकांपासून किती पसरलेत ते मोजणारं हे माप) सुधारणा झाली होती. शिक्षणातल्या प्रयोगांत हा आकडा दणदणीत मानतात. कारण साधं आहे. मुलं इयत्तेच्या कित्येक पायऱ्या मागे होती आणि सॉफ्टवेअर प्रत्येकाला त्याच्या पायरीवरचा प्रश्न देत होतं. सोबत छोट्या गटाला शिकवणारा माणूसही होता, हे विसरू नका.

गुजरातेतल्या ‘ज्ञानशाला’ या स्वयंसेवी संस्थेच्या शाळांमधला प्रयोग तर मला सगळ्यात बोलका वाटतो. गणिताचं सॉफ्टवेअर शिक्षकाच्या तासाऐवजी लावलं, तिथे मुलं मागे पडली. तेच शाळा सुटल्यावर जादा म्हणून दिलं, तिथे पुढे गेली, त्यातही कच्ची मुलं जास्त.

माझ्या वर्गातलं सांगते. आंतरलिखित कोनाचं प्रमेय. टीव्हीवर जिओजेब्रा, म्हणजे आकृती ओढून हलवता येते ते भूमितीचं सॉफ्टवेअर, उघडते: एक वर्तुळ, अब ही जीवा आणि वर्तुळावर क बिंदू. कोन अकब 40 अंश. आता क सरकवत अ च्या जवळ नेला तर कोनाचं काय होईल? सरकवण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, ही अट. निम्म्याहून जास्त मुलं ‘कमी होईल’ लिहितात. मग मागच्या बाकावरचा कोणीतरी येऊन बिंदू ओढतो आणि ओरडतो, “बाई, आकडा हलंनाच!” ओढत ओढत क जीवेपलीकडच्या कंसावर जातो आणि 40 चे एकदम 140 होतात. चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांची बेरीज 180, हे कोणी न सांगता कुजबुजीत येतं. तिथे मी टीव्ही बंद करते. सिद्धता फळ्यावरच, त्रिज्या काढून, कारणं लिहून. हेच प्रमेय अर्ध्या तासाच्या व्हिडिओने ‘शिकवून’ शिक्षकाने तेवढ्यात वरून मागवलेल्या माहितीची ऑनलाइन लिंक भरलेली मी पाहिली आहे. (त्या बिचाऱ्यालाही लिंक भरायला दुसरा वेळ कुठे असतो म्हणा.) टीव्ही दोन्हीकडे तोच.

मेसेजमध्ये एक धागा खरा आहे: लक्ष विचलित होणं. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 मध्ये सरासरी 65 टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या काही तासांना तरी उपकरणांमुळे त्यांचं लक्ष उडतं. त्याच पिसात, शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासाभरापर्यंत उपकरण वापरणाऱ्यांचे गणिताचे गुण अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा 14 ने जास्त होते. उपकरणामुळेच, असं त्यावरून म्हणता येत नाही, पण ‘शून्य बरं’ असंही निघत नाही. युनेस्कोच्या 2023 च्या अहवालाचा सूरही बंदीचा नव्हता, शिकायला उपयोग होत असेल तरच वापरा असा होता. आणि हातातल्या मोबाइलचं म्हणाल, तर ग्रामीण भागातल्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 76 टक्के आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांवर होती, अभ्यासासाठी फोन वापरणारी 57 टक्के. तो फोन घरी असतो आणि त्याचा रिचार्ज आपणच मारतो.

तेव्हा डिजिटल वर्ग बंद करण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत नेण्याआधी तिथे थोडी चौकशी करा. टीव्ही कोणत्या तासाला लागतो, त्या वेळी शिक्षक वर्गात असतात का, मुलं वहीत काय लिहितात, पेन ड्राइव्हवरचं कोणी आधी बघितलंय का. आणि शाळेचं वीजबिल थकलंय का, तेही विचारा. ते थकलेलं असेल तर टीव्ही तसाही बंदच असेल.